आजीची सुरी

श्री. देवाशीष मखीजा यांचा 'अज्जी' हा हिंदी चित्रपट २४ नोव्हेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला व फारसा गाजावाजा न होता चित्रगृहांतून उतरलाही. पुढे घरबसल्या चित्रपट पाहण्याची सोय झाली, तेव्हा आमच्या छत्रपती संभाजीनगरातील पुष्कळ सुशिक्षित घरांत तो पाहिला गेला. कोणी रात्री उशिरा पाहिला, कोणी अर्ध्यावर बंद केला, कोणी मुलांच्या खोलीचे दार लोटून घेऊन शेवटपर्यंत नेला. त्याविषयी आमच्या कानी जे बोलणे आले, ते ऐकून हा लेख लिहिणे आम्हांस भाग पडले आहे. एक पक्ष म्हणतो की असले किळसवाणे चित्र कुटुंबवत्सल माणसाने पाहू नये. दुसरा म्हणतो, "बाकी काही असो, शेवट मात्र झकास, असल्या नराधमांना हेच पाहिजे." मौज अशी की पुष्कळदा ही दोन्ही मते एकाच माणसाच्या तोंडून, एकाच चहाच्या पेल्याबरोबर बाहेर पडतात. आम्हांस त्यांपैकी एकही मान्य नाही; आणि दुसरे तर पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे वाटते.

ज्यांनी चित्र पाहिले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. मुंबईसारख्या शहराच्या एका काळोख्या वस्तीत शिवणकाम करून चार पैसे मिळवणारी एक म्हातारी राहते. तिचे गुडघे धरलेले आहेत. तिची नात मंदा एके दिवशी घरी परत येत नाही. म्हातारी आणि वस्तीतील लीला नावाची वेश्या रात्री तिला शोधावयास निघतात, आणि ती कचऱ्यात टाकलेली सापडते. अपराधी कोण ते सर्वांस ठाऊक आहे: स्थानिक पुढाऱ्याचा मुलगा धावले. दस्तूर नावाचा पोलीस अधिकारी घरी येतो. तो तक्रार लिहून घेण्याऐवजी त्या घरातील बारीकसारीक बेकायदा गोष्टी एकेक करून मोजून दाखवतो, आणि पोटाची भीती घालून आईबापांचे तोंड बंद करतो. आईबाप गप्प बसतात. म्हातारी गप्प बसते, पण वेगळ्या रीतीने. ती धावल्याच्या पाळतीवर राहते, खाटकाकडे जाऊन मांस कापण्याचे काम शिकते, आणि अखेरीस त्यास एकटा गाठून त्याचा सूड घेते. सारेगामा कंपनीच्या यूडली फिल्म्स ह्या शाखेने थोडक्या पैशांत हे चित्र काढले; दक्षिण कोरियातील बुसानच्या महोत्सवात ते २०१७ साली स्पर्धेत दाखवले गेले; आपल्याकडे त्यास प्रौढांपुरते प्रमाणपत्र मिळाले, आणि ते योग्यच होते.

आता पहिला आक्षेप घेऊ. रक्त दाखवले म्हणून चित्र असभ्य ठरत असेल, तर महाराष्ट्राच्या नाट्यचित्रपरंपरेचे निम्मे वैभव असभ्य ठरेल. अबलेच्या विटंबनेचा सूड हा आपल्या रंगभूमीचा काही परका विषय नव्हे. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहारा'त द्रौपदीची मोकळी वेणी अखेरीस रक्ताने माखलेला भीम येऊन बांधतो, आणि ते नाटक आपल्या पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले. कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे कर्झन हे ओळखण्यास प्रेक्षकांस टीकाकाराची गरज पडली नाही, आणि सरकारासही पडली नाही. १९१० साली नाटकावर बंदी आली. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पुरा केला, तेव्हा त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की त्यास कात्री लागली. त्याच चित्राबद्दल लोकमान्यांनी बाबूरावांचा सुवर्णपदक देऊन गौरव केला होता. म्हणजे ज्या पिढीस आपण सोवळी समजतो, त्या पिढीच्या अग्रणीस पडद्यावरच्या कीचकवधाने विटाळ झाला नाही.

कोणी म्हणेल, ते पुराणातले होते, दुरून पाहावयाचे होते. बरे, मग आजचेच घेऊ. २०२२ साली 'केजीएफ'चा दुसरा भाग आला. त्यातील नायक यंत्रतोफेने पोलिसांच्या गाड्यांची चाळण करतो, आणि तोफेच्या तापून लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. ह्या दृश्यास आमच्या शहरातील चित्रगृहांत बापांनी पोरांना खांद्याशी धरून शिट्ट्या मारलेल्या आम्ही ऐकल्या आहेत. २०२३ च्या 'अ‍ॅनिमल'ने माणसे किती मारली ते मोजण्याचे कोणी मनावर घेतले नाही. मोजले गेले ते कोटी. ह्याच घरांतील रसिक 'ओल्डबॉय' ह्या कोरियन चित्रातला हातोडी घेतलेला मनुष्य पाहून शैलीची तारीफ करतात. मग एका म्हातारीने एक सुरी उचलताच अभिरुचीस एकाएकी ओकारी का यावी?

आमचे उत्तर असे आहे. त्या मोठ्या चित्रांत हिंसेला श्रम पडत नाहीत. नायकाचा हात दुखत नाही, त्याला धाप लागत नाही, मेलेल्या माणसाला घरदार नसते, आणि सदऱ्यावरचे रक्तसुद्धा शिंप्याने शोभेसाठी टाचल्यासारखे दिसते. ती हिंसा महाग असते, म्हणून सभ्य वाटते. 'अज्जी'मध्ये प्रत्येक पायरी चढताना गुडघा कुरकुरतो. ही चीड आणणारी गोष्ट आहे. प्रेक्षकाला सुडाची घाई झालेली असते, आणि चित्र त्याला एका संधिवाताने जखडलेल्या बाईच्या चालीने चालावयास लावते.

येथे श्रीमती सुषमा देशपांडे यांच्या कामाविषयी सविस्तर बोलले पाहिजे, कारण ह्या चित्राचा सारा भार त्यांनी एकट्याने वाहिला आहे, आणि मराठी वाचकांस त्यांची ओळख करून देण्याची वेळ यावी ही आमच्या मते लाजेची बाब आहे. 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग त्यांनी लिहिला व वर्षानुवर्षे गावोगाव केला. नेपथ्य नाही, साथीला कोणी नाही. एक बाई उभी राहते आणि सावित्रीबाई फुले होऊन बोलू लागते. तमाशातील स्त्रियांचे जगणे त्यांनी 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' ह्या नाटकातून मांडले. अशा रीतीने बोलण्याचे सामर्थ्य ज्या कलावतीने आयुष्यभर कमावले, तिच्या हाती दिग्दर्शकाने जवळजवळ मुकी भूमिका दिली. आम्हांस ही निवड फार मोलाची वाटते. ज्या नटास शब्द टाकता येत नाही त्याचे मौन पोकळ असते. येथे मौन भरलेले आहे, कारण त्यामागे किती बोलता आले असते ते दिसत राहते.

त्यांनी म्हातारपणाचे सोंग घेतलेले नाही. आपल्या पडद्यावरची म्हातारी बहुधा दोन प्रकारची असते: एक देवघरातली, सुरकुत्यांतून आशीर्वाद गाळणारी, दुसरी विनोदी, कवळी वाजवणारी. ही म्हातारी ह्या दोन्हींपैकी नाही. ती बसते तेव्हा आधी हाताने जागा चाचपते. उठताना ती कोणाची मदत मागत नाही, पण भिंतीची घेते. खाटकाच्या दुकानात ती प्रथम सुरी धरते तेव्हा त्या हातात संताप नाही. नवे काम शिकणाऱ्या कामकरी बाईचा अवघडलेपणा आहे. आयुष्यभर सुई धरलेला हात जड सुरीचा तोल शोधतो आहे. हे इतके साधे, इतके धंदेवाईक आहे की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. क्रोधाचे तांडव केले असते तर आपण टाळी वाजवून मोकळे झालो असतो. श्रीमती देशपांडे ती सोय आपणांस देत नाहीत. त्या धावल्याकडे लपून पाहतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत तिरस्काराहूनही अधिक असे काही दिसते: हे काय आहे ते समजून घेण्याची एक थंड, कष्टाची जिज्ञासा. ज्या भाषेत ह्यापेक्षा कमी कामाला 'अजरामर' म्हणण्याची पद्धत आहे, तिच्यात ह्या कामाविषयी चार ओळी लिहिण्यासही पुष्कळांस सवड झाली नाही.

परंतु चित्राची वकिली आम्ही पत्करली आहे असे कोणी समजू नये. धावल्याची विकृती दाखवण्यासाठी दिग्दर्शकाने कपड्याच्या दुकानातील पुतळीवरील अत्याचाराचे एक दृश्य घातले आहे, आणि ते ताणता येईल तितके ताणले आहे. श्री. अभिषेक बॅनर्जी यांनी ते काम निर्भीडपणे केले हे खरे. पण हा मनुष्य काय आहे ते आपणांस पहिल्या घटकेत कळते. पुढचा वेळ कॅमेरा आपल्याच धाडसाकडे पाहत बसतो. आमच्या शहरापासून तासाभराच्या वाटेवर वेरुळाचे पंधरावे लेणे आहे. तेथील शिल्पकार भयाला भिणारा नव्हता. अंधकासुराच्या वधाच्या शिल्पात त्याने हाडांचा सापळा झालेली काली खाली बसवली आहे, आणि तिच्या हातात सांडणाऱ्या रक्तासाठी पात्र दिले आहे. पण त्याच लेण्यात नरसिंह कोरताना त्याने फाडलेले पोट कोरले नाही. नरसिंहाने हिरण्यकशिपूस धरले आहे. राजा अजून आपल्या पायांवर उभा आहे. पुढे काय होणार ते दोघांसही कळून चुकले आहे. कोठे पात्र भरावयाचे आणि कोठे हात आवरावयाचा, हे त्या अनाम कारागिराला समजत होते. श्री. मखीजांना म्हातारीच्या बाबतीत ते समजते, धावल्याच्या बाबतीत सुटते. त्याहून मोठा दोष असा की जिच्यावर हा प्रसंग ओढवला ती मंदा हळूहळू कथेच्या काठाला सरकते. सुडाच्या कथेत असे बहुधा होते. जखम जिची असते तिला अंथरुणावर ठेवून कथा शस्त्राच्या मागे निघून जाते.

आता टाळ्या वाजवणाऱ्यांकडे वळतो. 'असल्यांना हेच पाहिजे' हे वाक्य आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्या प्रतिष्ठित दिवाणखान्यांत ऐकले आहे की त्याचा उगम चित्रगृहात नाही हे उघड आहे. नागपुरात १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रियांनी अक्कू यादव ह्या गुंडास न्यायालयाच्या इमारतीतच ठार केले. त्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे पोलिसांचे उंबरे झिजवले होते, आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परतल्या होत्या. पुढे २०१४ साली आरोपी निर्दोष सुटले; २०२१ साली त्या घटनेवर '२०० हल्ला हो' हे चित्र निघाले. 'अज्जी'ची म्हातारी त्या वस्तीची रहिवासी आहे. तिने जे केले त्यास आम्ही न्याय म्हणणार नाही. पण ज्यांच्यासाठी कायद्याची सर्व दारे आतून कडी लावून बंद होती, त्यांना कायद्याचे पाठ देण्यास आमची जीभ रेटत नाही.

हे औदार्य मात्र भलत्यांनीच खिशात घातले आहे. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ एका बलात्कार-हत्येच्या प्रकरणातील चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष न्या. विकास सिरपूरकर होते. मारण्याच्याच उद्देशाने गोळ्या झाडल्या गेल्या, असा त्या आयोगाचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. फुले उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल वाचला असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. मग २०२४ साल आले. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घेण्यात तासन्‌तास गेले. २० ऑगस्टला संतप्त लोकांनी रेल्वे अडवली, तेव्हा कोठे सरकार हलले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि मुंबईत 'बदला पुरा' अशा अक्षरांचे फलक लागले. गावाच्या नावावर श्लेष साधण्याची ती रसिकता पाहून आम्हांस शरम वाटली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढे आला, आणि त्याने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांस जबाबदार धरले. त्या वेळी कोणी फलक लावले नाहीत.

ह्या दोन सुडांना एकाच तागडीत तोलणारा मनुष्य एकतर अविचारी आहे किंवा लबाड आहे. म्हातारीच्या हाती सुरी येते, कारण तिच्यापाशी दुसरे काहीच नसते. सरकारापाशी ठाणी आहेत, वकील आहेत, तुरुंग आहेत, न्यायालये आहेत. त्याने ह्या सर्वांना वळसा घालून पिस्तूल उचलावे आणि वर म्हातारीचे अश्रू आपल्या गालांवर लावून घ्यावेत, ह्यास सूड म्हणणेही सुडाचा अपमान आहे. चित्रातील दस्तूर नीट पाहा. श्री. विकास कुमार यांनी हा अधिकारी किती शांतपणे, किती सौजन्याने रंगवला आहे! तो आरडाओरडा करीत नाही, मारहाण करीत नाही; घरच्या माणसासारखा बसून हिशेब समजावतो. तक्रार न लिहिणारा हात हाच. ज्या दिवशी वरून हुकूम येईल त्या दिवशी गोळी झाडणारा हातही हाच असेल, आणि त्या दिवशी आपण त्याच्यावर फुले उधळू. म्हातारीची सुरी धावल्यापर्यंत पोचते, दस्तूरच्या मेजापर्यंत पोचत नाही. टाळी वाजवणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाही, कारण टाळी वाजवताना चित्र संपलेले असते.

आमच्या शहरास तरी ह्याचे भान असावयास हवे होते. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीच्या मुलीची अत्याचार करून हत्या झाली, तेव्हा पहिला मूक मोर्चा ९ ऑगस्ट रोजी येथेच, क्रांती चौकातून निघाला. त्या मोर्च्याच्या इतर मागण्यांविषयी मतभेद होते व आहेत; त्यांत शिरण्याचे येथे कारण नाही. पण लक्षावधी लोकांच्या संतापाने घोषणासुद्धा दिली नाही, पुढे मुली चालल्या, आणि मागणी केली ती न्यायालयाकडे. खटला चालला, 'अज्जी' प्रदर्शित झाल्यानंतर पाचच दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. फाशीविषयी कोणाचे मत काही असो, साक्षी, पुरावे, उलटतपासणी ह्यांतून ती गोष्ट गेली. हे सर्व डोळ्यांदेखत पाहिलेल्या ह्याच शहरात बदलापूरच्या गोळीबाराची बातमी आली, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांत पेढे वाटण्याची भाषा झाली.

"मग त्या म्हातारीने करावे तरी काय?" असे आम्हांस विचारण्यात येते, आणि विचारणाऱ्याला वाटते की आपण वाद जिंकला. आम्ही चित्राकडेच बोट दाखवतो. त्या घरासाठी रात्री काळोखात बाहेर पडली ती लीला. शाळेतल्या बाई आल्या नाहीत, वकील आला नाही, वर्तमानपत्राचा बातमीदार आला नाही. ह्या कुटुंबाच्या बाजूने उभे राहणारे एकही सुशिक्षित माणूस त्या कथेत नाही, आणि हे दिग्दर्शकाचे विस्मरण नव्हे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून जो पुढे गाजला तो हाच. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांस सोडले, तेव्हा १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिले. त्या पत्राने चळवळ उठवली, आणि १९८३ साली कायदा बदलला. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ साली तो पुन्हा बदलला, व अशा अत्याचाराची तक्रार न नोंदवणे हा पोलिसाचाच गुन्हा ठरला. म्हणजे दस्तूर त्या घरात बसून जे करतो, तो चित्र निघण्यापूर्वी चार वर्षांपासून शिक्षेस पात्र गुन्हा होता. मंदाच्या आईबापांना ते ठाऊक नव्हते. दिवाणखान्यात बसून चित्राचा शेवट झकास म्हणणाऱ्यांपैकी ज्यांना आम्ही मुद्दाम विचारले, त्यांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांत दोघे वकील होते.